काळीचे दुखणे आणि आपले पहिले शील



गेल्या पावसाळ्यात एका मुलीचे पत्र आले. मुलगी महाविद्यालयात शिकते. तिच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे. तिने दोनच प्रश्न विचारले होते. “आमची म्हातारी कुत्री कॅन्सरने आजारी आहे. माणसांच्याच औषधाला पैसा पुरत नसताना तिच्यावर खर्च करणे बरोबर आहे काय? आणि तिचा त्रास फार वाढला, तर डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन तिला मारणे हा पहिल्या शीलाचा भंग होईल काय?”

पत्र वाचून दाखविल्यावर आमच्यातले काही जण हसले. समाजापुढे एवढे प्रश्न असताना कुत्र्याचा प्रश्न कशाला, असे त्यांना वाटले. आम्हाला मात्र हसू आले नाही. पंचशील आपण रोज म्हणतो. ज्या दिवशी त्याचा अर्थ घरातल्या एखाद्या जिवावर येऊन ठेपतो, त्या दिवशीच आपण ते खरे वाचतो. म्हणून त्या प्रश्नाचा येथे नीट विचार करू.

हे कुटुंब लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातले. गावापुढे थोडे चालले की नांदेड जिल्ह्यातला कंधार तालुका लागतो. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दामच देत नाही. घरात नवरा-बायको, एक मुलगी, एक मुलगा आणि म्हातारी आजी. जमीन नाही. दसरा झाला की नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन एक कोयता म्हणून ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. ते पाच-सहा महिने आजी, दोन लेकरे आणि काळी कुत्री एवढेच घरात. तेरा वर्षांपूर्वी एका पावसात पिलू म्हणून आलेली काळी या घराची राखणदार झाली. आजी रात्री दाराला कडी लावत नसे. काळी उंबऱ्याशी असली की कडीची गरज नाही, असे ती म्हणे.

चैत्रात मुलीच्या हाताला काळीच्या मागच्या आचळाजवळ सुपारीएवढी कडक गाठ लागली. कोणी म्हणाले, दूध साकळले असेल. कोणी चुना लावायला सांगितले. कोणी नजर लागली म्हणून काळा दोरा बांधायला सांगितले. आषाढापर्यंत गाठ लिंबाएवढी झाली, फुटली आणि वाहू लागली. मग तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. तेथून उदगीरला जायला सांगितले. उदगीरला १९८७ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे सुईने गाठीतला अंश काढून तपासला, छातीचा एक्स-रे काढला. गाठ कॅन्सरची निघाली आणि तो फुप्फुसांत पोचलेला होता. आता गाठ कापून उपयोग नाही, पण दुखणे हलके करता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले.

या रोगाविषयी दोन शब्द येथेच सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या दारात कुत्री आहे. कुत्रीच्या आचळातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात, निम्म्या कॅन्सरच्या. लहान असताना कापून काढलेली गाठ पुष्कळदा तेथेच संपते. उशीर केला की रोग फुप्फुसात जातो. पिल्ले नको असतील तर कुत्री लहान असतानाच, पहिल्या माजाच्या आधी, शस्त्रक्रिया करून घेतली तर हा धोका पुष्कळच कमी होतो. दुसरा एक कॅन्सर समागमातून एका कुत्र्याचा दुसऱ्याला होतो. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांत तो नेहमी दिसतो. लघवीच्या जागी मांस वाढते, रक्त ठिबकते, आणि लोक दगड मारून त्या कुत्र्याला हाकलतात. पण आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे टोचले, तर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कुत्र्याचा कॅन्सर माणसाला लागत नाही. तेव्हा कॅन्सर म्हटले की सगळे संपले, असे समजू नका. आधी तपासून घ्या.

काळीच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. उदगीरहून आल्यावर घरात खरा वाद सुरू झाला. तो वाद आजीने काढला. ती म्हणाली, “माझं दोन वर्षांचं लेकरू तापानं गेलं. दवाखान्यात न्यायला गाडीभाडं नव्हतं. माणसाच्या लेकराला सुई मिळाली नाही, अन् आता कुत्रीला सुया टोचायच्या काय?”

बंधु-भगिनींनो, या बोलण्याला उत्तर देण्याची घाई करू नका. त्यात निर्दयपणा नाही. त्यात तिचे गेलेले लेकरू आहे. आपल्या कितीतरी घरांत अशी आजी आहे. तिला प्राणिदयेचे व्याख्यान देणे हा तिचा अपमान होईल. शहरात काही माणसे कुत्र्याला मांडीवर घेतात आणि घरकाम करणाऱ्या बाईला कपबशी वेगळी ठेवतात. ती दया आजीने पाहिलेली आहे. माणसाला दूर ठेवून जनावराला जवळ करणारी दया आपल्याला नको आहे.

पण आजीच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. लेकराला औषध मिळाले नाही, हा अन्याय झाला. तो अन्याय कोणी केला? गरिबीने केला, जातीने केला, रस्ता आणि दवाखाना न देणाऱ्या व्यवस्थेने केला. कुत्रीने केला नाही. काळीचे औषध बंद केले तर त्या लेकराला न्याय मिळत नाही. उपचाराविना मेलेल्या जिवांत आणखी एकाची भर पडते, एवढेच. ज्या घराने औषधाविना मरण म्हणजे काय ते पाहिले, त्या घराला दुसऱ्याचे दुखणे अधिक कळले पाहिजे.

कुत्र्याचे आणि आपले नाते आणखी एका कारणाने अवघड झाले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे धन म्हणून कुत्री आणि गाढवे सांगितली आहेत. श्वपच हे आपल्या पूर्वजांसारख्यांना दिलेले नाव कुत्र्यावरूनच आले. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता. तेव्हा एखादा तरुण म्हणतो, “मेलेले ढोर ओढणे सोडले, फुटकी गाडगी टाकली, तसे हे कुत्रेही दारातून घालवू. तो आपल्या गुलामगिरीचाच शिक्का आहे.” त्या तरुणाचा राग आम्हाला समजतो. पण दि. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते कशासाठी? माणसाला पाणी नव्हते, यात अपमान होता. कुत्रे पाणी पीत होते, यात अपमान नव्हता. तळे माणसांना खुले व्हावे म्हणून तो लढा होता. जनावरांना तेथून हाकलावे, असे कोणी म्हटले नाही.

राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे एक छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांच्याबरोबर त्यात टॉबी नावाचा कुत्राही आहे. बाबासाहेबांचा कुत्रा होता म्हणून तुम्हीही पाळा, असे आमचे म्हणणे नाही. कोणी मोठ्याने केले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनीच कालामांना सांगितले. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याने मनुस्मृती जाळली त्याच्या कुटुंबाच्या चित्रात कुत्र्याला जागा होती. कुत्रा आपला शिक्का नव्हे. शिक्का मारणारे हात वेगळे होते.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. आपल्या भागात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मोठी. खंडोबाच्या पायाशी कुत्रे, दत्ताच्या पायाशी कुत्री. तेथे त्याला नैवेद्य, आणि बाहेर रस्त्यावर त्याच जातीला धोंडे. धम्म कुत्र्याची पूजाही सांगत नाही आणि तिटकाराही सांगत नाही. मज्झिम निकायात सेनिय नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो कुत्र्याप्रमाणे जमिनीवर टाकलेले खात असे आणि त्या व्रताने स्वर्ग मिळेल असे समजत असे. असल्या व्रताने कल्याण होत नाही, असे तथागतांनी त्याला स्पष्ट सांगितले. कुत्रा देव नाही, अपशकुन नाही. दुखले की कण्हणारा, प्रेम केले की शेपूट हलविणारा तो एक जीव आहे. आपल्याला एवढे पुरे.

शेजारच्या एका बाईने काळीला पाहून म्हटले, “मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगू द्या.” हे ऐकून मुलगी गप्प बसली. तिने गप्प बसायला नको होते. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्या आज्याला, पणज्याला गावकुसाबाहेर ठेवताना हेच वाक्य ऐकवले गेले. मागच्या जन्मीचे पाप म्हणून हा जन्म असा, तेव्हा सोसा आणि गप्प राहा. बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्माची ही शिकवण धम्मातून बाजूला सारली, कारण ती अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडते आणि सोसणाऱ्याला गुन्हेगार ठरवते. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की, माणूस जे भोगतो ते सारे पूर्वकर्मानेच काय? तथागत त्याला पित्त, कफ, वात, ऋतू, हयगय, मार अशी कितीतरी कारणे मोजून दाखवतात, आणि सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे चूक करतात असे सांगतात. जे वाक्य आपल्याविषयी खोटे होते, ते कुत्रीविषयी खरे कसे होईल? तिच्या आचळात पेशी वाढल्या. ते पाप नव्हे, तो रोग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिच्यासाठी काय करावे? बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी आठवा. तिच्यात प्राणिमात्रांवरील दयेबरोबर लालनपालनाचाही शब्द आहे. मारले नाही की आपले काम संपले, असे त्यातून निघत नाही. सांभाळणे हेही काम आहे. विनयपिटकात अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. ‘उपयोगी पडत नाही’ हेच आपण म्हाताऱ्या कुत्र्याविषयी म्हणतो. राखण करीत होती तोवर भाकर, आता कशाला? सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या खडकावर कोरून ठेवले की, आपल्या राज्यात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केली आहे, औषधी वनस्पती लावल्या आहेत, विहिरी खोदल्या आहेत. एका चिकित्सेने दुसरीची जागा घेतली नाही.

यासाठी फार पैसा लागतोच असे नाही. काळीला पोत्यावर जुनी गोधडी घालून भिंतीच्या आडोशाला जागा दिली. उठवत नाहीसे झाल्यावर दर दोन-तीन तासांनी कूस बदलली, म्हणजे अंगाला फोड येत नाहीत. जखम डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने रोज धुतली. फुटलेल्या गाठीवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून वरून स्वच्छ फडके बांधले. भाकर दुधात कुस्करून, भात मऊ करून, कधी उकडलेले अंडे, थोडे थोडे दिले. पाणी तोंडाजवळ ठेवले. वेदनेची गोळी डॉक्टर सांगतील तीच आणि तेवढीच दिली. हे नीट ध्यानात ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या माणसांच्या गोळ्या मायेने दिल्या तरी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. जनावर बोलत नाही, पण धाप लागणे, जागा बदलत राहणे, कोपऱ्यात लपणे, भाकरीकडे तोंड फिरवणे ही त्याची बोली आहे.

आणि खर्चाची मर्यादा? मुलीची फी आणि काळीचे औषध यांत आधी फी. यात पाप नाही. सावकाराचे कर्ज काढून, डॉक्टरांनीच व्यर्थ सांगितलेले उपचार करणे ही करुणा नव्हे. आपल्या मनाचे समाधान व्हावे म्हणून केलेला तो खर्च ठरेल. करुणेबरोबर प्रज्ञा पाहिजे, असे आपण म्हणतो ते अशाच वेळेसाठी. आपल्याला परवडेल तेवढे औषध, आणि ज्याला पैसा लागत नाही ते सारे, म्हणजे जागा, पाणी, स्वच्छता आणि सोबत.

दसरा आला. मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्याला जाणे भाग होते. गावातल्या एकाने सुचविले की, जाता जाता तिला लांबच्या फाट्यावर सोडून द्या. कोणी मारलेही नाही आणि त्रासही मिटला. उपासकांनो, पुष्कळ माणसे असे करतात आणि आपण हिंसा केली नाही असे समजतात. भुकेने-तहानेने तळमळेल अशा जागी जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी उत्तर तेच राहिले असते. हाताला रक्त लागले नाही म्हणून मन स्वच्छ राहत नाही. तेरा वर्षे आपल्या उंबऱ्यावर विसंबलेल्या जिवाला अनोळखी फाट्यावर सोडणे हे मरणाहून क्रूर आहे. त्या घराने तसे केले नाही. नवरा-बायको गेले आणि काळी आजीच्या हाती राहिली. ज्या आजीने वाद घातला होता तीच आता तिची कूस बदलू लागली.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. इंजेक्शन देऊन मारावे का? आम्ही येथे सोपे उत्तर देणार नाही. पहिल्या शीलात ‘दयेने मारले तर चालेल’ असा अपवाद लिहिलेला नाही. विनयात तर असे प्रकरण आहे की, आजारी भिक्खूची दया येऊन काही भिक्खूंनी त्याच्यापुढे मरणाची स्तुती केली, तो मेला, आणि ते भिक्खू संघाबाहेर गेले. दया हेही मारण्याचे निमित्त होऊ शकते, हे तथागतांनी ओळखले होते. श्रीलंका, थायलंड येथील अनेक बौद्ध घरे म्हणूनच जनावरालाही असे इंजेक्शन देऊ देत नाहीत. शेवटपर्यंत शेजारी बसून राहतात. त्यांची भूमिका हसण्यावारी नेऊ नका.

दुसरीकडे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे त्यांनी सांगितले. नियम तुमच्याकडून फक्त पालन मागतो. तत्त्व तुम्हाला विचार करायला लावते आणि निर्णयाची जबाबदारी तुमच्यावरच ठेवते. पण सावध असा. माणूस आपल्या सोयीलाच गरज म्हणतो. रात्रीची झोप मोडते, घरात वास येतो, पाहवत नाही, ही आपली गरज आहे, तिची नव्हे. म्हणून निर्णयाच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. वेदना कमी करण्याचे उपाय खरोखर संपले आहेत काय? हे जाणत्या डॉक्टरांनी सांगितले आहे काय, की मीच ठरवले? आणि या मरणाने सुटका कोणाची होणार, तिची की माझी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘माझी’ असेल, तर थांबा.

मार्गशीर्षात काळीला आडवे होता येईना. आडवी झाली की श्वास कोंडे, म्हणून रात्रभर पुढच्या पायांवर बसून धापा टाकी. तीन रात्री आजी तिच्याजवळ बसली. गोळ्यांचा उपयोग होत नव्हता. डॉक्टर येऊन पाहून गेले. आता श्वास असाच कोंडत जाईल, औषधाने तो मोकळा होणार नाही, असे त्यांनी सांगितले. ऊसफडातून मुलगा फोनवर म्हणाला, “माय, तू म्हणशील तसं.” आजी म्हणाली, “मला झोप नाही, ते चालंल. तिला श्वास नाही.” डॉक्टरांनी आधी भूल दिली, मग दुसरे इंजेक्शन. काळीचे डोके आजीच्या मांडीवर होते. गावाबाहेर कडुलिंबाखाली खोल खड्डा करून तिला पुरले. दहावे नाही, नैवेद्य नाही. संध्याकाळी लेकरांनी त्रिसरण-पंचशील म्हटले.

पौर्णिमेला आजी विहारात आली आणि तिने विचारले, “बाबा, मी शील मोडलं का?”

आम्ही तिला ‘नाही’ म्हटले नाही आणि ‘होय’ही म्हटले नाही. तिला आम्ही इतकेच सांगितले की, आजी, जे केले ते तुम्ही केले आहे, ते दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही. कर्माचे मूळ चेतनेत आहे असे तथागत सांगतात, आणि तुमची चेतना तुम्ही तीन रात्री जागून तपासलेली आहे. मनाला हुरहूर लागली आहे, ती लागू द्या. ज्या दिवशी एखादा जीव घेताना हुरहूर लागणार नाही, त्या दिवशी शील मोडले असे समजा.

आजी थोडा वेळ बसली. मग म्हणाली, “माझ्या लेकराजवळ मला असं बसता आलं नव्हतं. मी कामाला गेले होते.” एवढे बोलून ती उठली.

वाचकहो, त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पत्राने दिलेच होते. पण आजीने दिलेले उत्तर अधिक पुरे आहे. तुमच्या दारातल्या म्हाताऱ्या जिवाच्या अंगावरून आज संध्याकाळी एकदा हात फिरवा. कोठे गाठ लागली, तर चुना आणि दोरा शोधू नका, दवाखाना गाठा. आणि उशीर झालेला असला, तरी त्याच्याजवळ बसायला उशीर झालेला नसतो.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.